मोफत शिलाई मशीनचा मेसेज खरा का खोटा, आणि एकूणच नेटवरची माहिती तपासायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईच्या बचत गटाच्या ग्रुपवर 'प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन योजना' असा मेसेज आलाय, खाली लिंक आहे, लिंकवर आधार नंबर आणि बँक खातं मागतायत, सोबत सरकारी दिसणारी एक पीडीएफ पण जोडलीय. गूगलवर टाकलं तर दहा-बारा वेबसाईट हेच सांगतात. गटातल्या काही बायकांनी फॉर्म भरूनही टाकलाय. खरं मानायचं का, आणि एरवी असल्या गोष्टी ओळखायच्या कशा?

आधी उत्तर देतो, मग बाकीचं बोलू. त्या लिंकवर काहीही भरू नका. या नावाची केंद्राची कुठलीही योजना नाही, केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने हे आधीच खोटं म्हणून जाहीर केलेलं आहे. ज्यांनी भरलंय त्यांनी घाबरून जायचं कारण नाही, पण ओटीपी सांगितला असेल किंवा कुठलं ॲप डाऊनलोड केलं असेल तर आजच्या आज बँकेत कळवा, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन लावा, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, आधारच्या अधिकृत ॲपमधून होतं ते दोन मिनिटांत.

आता मुद्द्याचं. मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढलीत आणि हल्ली रोजचं काम म्हणजे आलेली माहिती छापायच्या लायकीची आहे का ते बघणं. लोक विचारतात की खोटा मेसेज ओळखायच्या खुणा सांगा. मला त्या खुणांवर फार भरवसा नाही खरं सांगायचं तर. अशुद्ध भाषा, खूप उद्गारचिन्हं, 'दहा जणांना पाठवा', हे सगळं असतं, पण खऱ्या मेसेजमधे पण असतं. आमच्या भागातला एक तलाठी पूर्ण खरी माहिती सात लाल इमोजी टाकून पाठवतो. आणि उलट, चांगल्या शुद्ध मराठीत, पॅराग्राफ वगैरे पाडून लिहिलेला मेसेज तद्दन खोटा असू शकतो, त्यात आता एआयने कोणीही शुद्ध लिहायला लागलंय त्यामुळे ती खूण तर गेलीच. म्हणून मी मेसेज निरखत बसत नाही. त्यातून बाहेर पडतो आणि एकच शोधतो, की हे पहिल्यांदा कोण म्हणालं, आणि कधी म्हणालं. बाकी सगळं याच्या पोटात येतं.

हे माझं डोकं नाही, याच्यावर अभ्यास झालाय. स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मधे ४५ लोकांना वेबसाईट तपासायला बसवलं: इतिहासाचे १० पीएचडी, स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक फॅक्ट चेकर. त्यात मुलांच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांच्या वेबसाईट होत्या, नावं जवळजवळ सारखी. एक अमेरिकेतली मोठी मूळ संघटना, १९३० सालची, साठ हजारांवर सभासद. दुसरी २००२ मधे समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याच्या प्रश्नावरून फुटून निघालेला छोटा गट. दुसरीची साईट दिसायला एकदम व्यवस्थित. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासतज्ज्ञ त्या साईटवरच राहिले, वरपासून खालपर्यंत वाचली, लोगो बघितला, 'आमच्याविषयी' वाचलं, आणि फसले. फॅक्ट चेकर्सनी साईट धड वाचलीच नाही, लगेच नवीन टॅब उघडून त्या संघटनेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघितलं आणि थोड्या वेळात मोकळे झाले. म्हणजे हुशारी कमी पडली असं नव्हतं, बघत होते ती जागाच चुकीची होती. जो स्वतःबद्दल सांगतोय त्यालाच विचारून काय उपयोग, तो चांगलंच सांगणार.

आता तुमच्या दहा-बारा वेबसाईटचं. हे सगळ्यात जास्त लोकांना फसवतं, आणि शिकलेल्या लोकांना जास्त, कारण त्यांना वाटतं आपण क्रॉसचेक केलं. दहा नळांना पाणी येतंय म्हणून दहा विहिरी आहेत असं होत नाही, टाकी एकच असते. या योजनावाल्या पोर्टलांची पद्धत अशी की एकाने टाकलं की बाकीचे तासाभरात तेच फिरवून टाकतात, कारण 'शिलाई मशीन योजना' हे लोक सर्च करतात आणि सर्च झालं की जाहिरातीचे पैसे. दहापैकी तीन-चार साईट शेजारी शेजारी उघडून बघा. मी तुमच्या मेसेजमधलं एक वाक्य जसंच्या तसं अवतरण चिन्हात टाकून सर्च केलं. पाच ठिकाणी सापडलं, आणि पाचही ठिकाणी 'पात्रता' शब्दाच्या जागी 'पत्रता' होतं. खरी माहिती दोघांकडे सारखी असू शकते पण चूक सारखी असली की समजायचं एकाने दुसऱ्याची वही बघितलीय. त्यातल्या एकाही लेखात योजनेचा जीआर (म्हणजे शासन निर्णय) नंबर नाही, कुठल्या मंत्रालयाची ते नाही, 'सूत्रांनुसार' पण नाही. आणि 'अर्ज करण्यासाठी इथे क्लिक करा' वर गेलं की पुन्हा त्यांच्याच दुसऱ्या लेखावर.

हीच मंडळी 'लाडकी बहीण हप्ता कधी' वर रोज एक लेख टाकतात बघा. नऊशे शब्द, मधे सहा जाहिराती, आणि शेवटच्या पॅरात 'अद्याप अधिकृत तारीख जाहीर झालेली नाही'. यूट्यूबच्या थंबनेलवर तर आजच जमा झालेले असतात पैसे.

लिंकचं आता. वेबसाईटचा पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. सुरुवातीचं 'https://' सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटी येतं तेच खरं आडनाव. तिथे 'जीओव्ही डॉट इन' असेल तर ती सरकारी, कारण ते नाव फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं. तुमच्या लिंकमधे 'पीएम' होतं, 'गव्ह' होतं, 'योजना' पण होतं, पण ते सगळं सुरुवातीला आणि मधे, मधे डॅश टाकून, आणि शेवटी भलतंच काहीतरी. डावीकडचा भाग कोणीही काहीही ठेवू शकतं. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून साईट खरी असं पण लोकांना वाटतं. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनपासून त्या साईटपर्यंतची माहिती मधे कोणी वाचत नाहीये, साईट चोराची असली तरी.

मग पीडीएफ. ही मला इंटरेस्टिंग वाटली. महाराष्ट्र शासनाच्या जीआरची एक ठरलेली बांधणी असते. वर विषय, मग विभागाचं नाव, शासन निर्णय क्रमांक, मंत्रालयाचा पत्ता, दिनांक. मग 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, मग निर्णय, शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि खाली कुणा उपसचिवाची नाहीतर अवर सचिवाची सही, आणि प्रत कोणाकोणाला त्याची यादी. हे सगळं तुमच्या पीडीएफमधे होतं. पण शेवटच्या भागात एक ओळ असते, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक अमुक आहे. तो अठरा आकडी नंबर असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. लाडकी बहीण योजनेचा पहिला जीआर २८ जून २०२४ चा, तर त्याचा संकेतांक २०२४०६२८ ने सुरू होतो. जीआरची तारीख आणि संकेतांकातली तारीख दोन-चार दिवस मागेपुढे असू शकते, अपलोड करायला उशीर होतो, ते चालतं. तुमच्या पीडीएफमधे वर तारीख यंदाची आणि संकेतांक सुरू होतो २०१९ ने. महाराष्ट्र शासनाच्या साईटवर शासन निर्णयांच्या विभागात तो नंबर टाकला तर निघाला कुठल्यातरी वेगळ्याच विभागाचा कार्यालयीन फर्निचर खरेदीचा जीआर. म्हणजे खरा कागद घेऊन वरचं आणि मधलं बदललंय, खालची ओळ तशीच राहिलीय. झूम करून बघितलंत तर विषयाच्या ओळीतली अक्षरं बाकीच्यापेक्षा जरा जाड आहेत. आणि गंमत म्हणजे योजना म्हणे प्रधानमंत्र्यांची, कागद महाराष्ट्र शासनाचा, आणि 'वाचा' मधे केंद्राच्या एकाही पत्राचा उल्लेख नाही. केंद्राची योजना राज्याने राबवली तर तिथे केंद्राच्या पत्राचा क्रमांक हमखास असतो.

हा संकेतांक टाकून बघणं इतकं सोपं आहे की शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडी ताई यांना तरी पाठ असायला पाहिजे, पण तिथेही लोक पीडीएफच फॉरवर्ड करतात.

एक फरक मात्र डोक्यात ठेवा. घोषणा, मंत्रिमंडळाचा निर्णय, आणि जीआर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सभागृहात मंत्री बोलले म्हणजे बातमी खरी, पण तुम्हाला मिळणार का, कुठली कागदपत्रं लागणार, हे जीआर आल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, सेतूवाला पण नाही. कधी कधी मधे महिने जातात.

आणि खरी माहिती पण शिळी होते, ही गोष्ट लोक विसरतात. लाडकी बहीणचंच घ्या. २८ जूनच्या जीआरमधे वय २१ ते ६०, अर्जाची मुदत १५ जुलै, अधिवास प्रमाणपत्र लागणार, कुटुंबाची पाच एकरपेक्षा जास्त शेती असेल तर अपात्र. पाच दिवसांत, ३ जुलैला, दुसरा जीआर. वय ६५ पर्यंत, मुदत ३१ ऑगस्ट, अधिवासाच्या जागी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला चालेल, पाच एकरची अट काढून टाकली. म्हणजे २९ जूनला एखाद्या प्रामाणिक पोर्टलने लिहिलेला लेख त्या दिवशी शंभर टक्के बरोबर होता आणि ४ जुलैला चार ठिकाणी चूक. तो लेख अजून गूगलवर वर येतो. मधल्या त्या चार-पाच दिवसांत किती बायका तहसीलला अधिवास दाखल्यासाठी रांगेत उभ्या होत्या ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. म्हणून लेख वाचण्याआधी तारीख, आणि 'अपडेटेड' लिहिलेली तारीख नाही, कारण पोर्टलवाले लेखातलं अक्षरही न बदलता ती रोज पुढे ढकलतात.

फोटो आणि व्हिडिओचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे खोटं बनवायला लागतच नाही, खरंच दुसरीकडचं आणून लावतात. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवारचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे, मंगळवेढ्याकडून आलेले. मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. त्याच्या आधी काही आठवडे त्या पट्ट्यात मुलं पळवण्याचे मेसेज फिरत होते. त्यातले मेलेल्या मुलांचे फोटो होते सीरियातले, २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यातले. आणि त्या वर्षी देशभर जो सगळ्यात जास्त फिरला, मोटरसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात, तो व्हिडिओ होता कराचीचा, आणि तो गुन्ह्याचा नव्हताच. तिथल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती ती. मूळ व्हिडिओत शेवटी ते दोघं परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा बोर्ड दाखवतात. कोणीतरी शेवट तेवढा कापला. बास. एवढंच केलं. बाकी व्हिडिओला हात लावला नाही.

त्या व्हिडिओत काय बघायला पाहिजे होतं? दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबर प्लेट, मागून ऐकू येणारी भाषा. मालेगावचा व्हिडिओ म्हणून येतो तर एखादी तरी एमएच-४१ दिसली पाहिजे, पाटीवर देवनागरी दिसली पाहिजे. अंधुक व्हिडिओत ते दिसत नाही हे खरं, पण मग व्हिडिओ 'इथलाच' आहे हे पण त्यात कुठे दिसतंय? ते फक्त खाली लिहिलेल्या ओळीत असतं, आणि ओळ कोणीही टाईप करू शकतो. फोटो आणि कॅप्शन या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून बघायच्या, ही आमच्या डेस्कवर नवीन पोरांना पहिली शिकवण.

तपासायचं असेल तर व्हिडिओ एका स्पष्ट जागी थांबवून स्क्रीनशॉट घ्या, वरचे लाल अक्षरांतले मजकूर कापून टाका, आणि गूगल लेन्सला द्या. तोच फोटो चार वर्षांपूर्वी कुठे छापलेला सापडला तर तो कालचा असूच शकत नाही, विषय संपला. पण सापडला नाही तर तो नवीन आहे असं सिद्ध होत नाही हं, एवढंच कळतं की गूगलला सापडला नाही. उलटा करून किंवा आरशासारखा फिरवून टाकलेला फोटो लेन्सला चकवतो कधी कधी, मग तुम्ही पण फिरवून बघा. आणि फोटोच्या 'डिटेल्स' मधे तारीख बघण्यात वेळ घालवू नका, व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आला की मूळ माहिती निघून गेलेली असते.

व्हॉट्सॲपने त्या २०१८ च्या घटनांनंतर जुलैमधे भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, आणि २०२० मधे खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. दोन बाण दिसले की समजा तो बऱ्याच हातांतून आलाय, आणि पाठवणाऱ्या काकांना तो कुठून आला ते माहीत नसणार. त्यांना विचारून उपयोग नाही, राग येतो फक्त.

पावसाळ्यात आमच्याकडे पुराचे मेसेज असतात. २०१९ च्या ऑगस्टमधे कोल्हापूरजवळ शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला होता, ते फोटो दर जुलैला 'आत्ताचं दृश्य' म्हणून परत येतात. पण पुराच्या बाबतीत फोटोपेक्षा आकडा बघणं सोपं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, आणि जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष पावसाळ्यात दिवसातून अनेकदा आकडा देतो. मेसेजमधे फूट किती, किती वाजताची, कुठल्या बंधाऱ्यावर, हे तिन्ही नसेल तर तो मेसेज म्हणजे कोणाचीतरी भीती आहे, माहिती नाही. धरणाच्या मेसेजमधे तर लोक टीएमसी आणि क्युसेक यांची सरमिसळ करतात. टीएमसी (अब्ज घनफूट) हे साठ्याचं माप आहे, क्युसेक हे दर सेकंदाला किती घनफूट सुटतंय त्याचं. कोयनेची पूर्ण क्षमताच १०५.२५ टीएमसी, मग 'आज रात्री ५० टीएमसी सोडणार' असं कोणी लिहिलं तर म्हणजे एका रात्रीत अर्धं धरण. साधारण ११,५७४ क्युसेक चोवीस तास सोडलं की एक टीएमसी होतं. आता तुम्हीच करा गणित.

आकड्यांवरून आठवलं, दरवर्षी फिरणारा तो अॅफेलियनचा मेसेज, 'उद्या पहाटे ५:२७ पासून पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, थंडी वाजणार, सर्दी खोकला होणार'. त्यात म्हणे एरवीचं अंतर ९ कोटी किलोमीटर आणि आता १५.२ कोटी. शाळेतलं पुस्तक काढा, सरासरी अंतर १५ कोटीच्या आसपास आहे. जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी आणि जानेवारीत १४.७ कोटी, म्हणजे आपल्या थंडीत आपण उलट जवळ असतो. दुसरा आकडा खरा ठेवून पहिला खोटा टाकलाय, म्हणून फरक भयानक दिसतो. आणि 'उद्या' म्हणजे कुठला उद्या? तारीख नसलेला 'उद्या' दहा वर्षं चालतो.

तब्येतीच्या मेसेजमधे सगळ्यात जास्त चालतं ते मोठ्या माणसाचं नाव. २०१९ मधे टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने मेसेज फिरला की गरम नारळ पाण्याने कॅन्सरच्या पेशी मरतात. हॉस्पिटलला खुलासा काढावा लागला की डॉक्टर असं काही म्हणालेले नाहीत. तोच मजकूर आधी गरम लिंबूपाण्याचा होता, अननसाचा पण होता, देश बदलला की डॉक्टर बदलतो. इथे डॉक्टर खरे, हॉस्पिटल खरं, तिथे जाऊन नाव तपासलं तर सापडणार, आणि लोक तिथेच थांबतात. तपासायचं काय असतं, की हा माणूस आहे का हे नाही, तर हे वाक्य तो कुठे बोलला. हॉस्पिटलच्या साईटवर? मुलाखतीत? कुठल्या तारखेला? ते वाक्य माणसापर्यंत जाऊन टेकत नसेल तर नाव कितीही मोठं असो, बाजूला ठेवायचं. हे नारळ पाण्याचं हसण्यावारी नेऊ नका. पथ्य म्हणून पिलं तर काही होत नाही, पण केमोची तारीख पुढे ढकलून पिणारे लोक मी बघितलेत.

एआयचं विचारलं नाहीत पण सांगतो, कारण आता पोरं गूगल पण करत नाहीत, थेट त्यालाच विचारतात. मी पण वापरतो, मोठा जीआर सोपा करून घ्यायला, इंग्रजी समजून घ्यायला छान आहे. पण 'या योजनेचा जीआर नंबर दे' असं विचारलं तर तो हुबेहूब जीआरसारखा दिसणारा नंबर देऊ शकतो जो अस्तित्वातच नाही. २०२३ मधे न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले सहा निकाल कोर्टात सादर केले, एकही खरा नव्हता, ५,००० डॉलरचा दंड बसला. गूगलच्या एआयने २०२४ मधे पिझ्झ्यावर चीज चिकटत नसेल तर सॉसमधे गोंद घाला असं सांगितलं होतं, कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी केलेला विनोद उचलून. म्हणून त्याचं उत्तर वाचायचं, त्याने दिलेला दुवा उघडायचा, आणि दुव्यात खरंच ते लिहिलंय का बघायचं. नंबर दिला तर शासनाच्या साईटवर टाकून बघायचा, वर सांगितलं तसा.

फॅक्ट चेकवाल्यांवर तरी विश्वास ठेवायचा का, हा पण प्रश्न लोक विचारतात आणि बरोबर विचारतात. मराठीत फॅक्ट क्रेसेंडो आहे, न्यूजचेकर आहे, हिंदी-इंग्रजीत बूम आणि ऑल्ट न्यूज. मी बघतो ते एवढंच की त्यांनी मूळ व्हिडिओची, मूळ कागदाची लिंक दिलीय का. दिली असेल तर मला त्यांच्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही, मी स्वतः बघू शकतो. पीआयबी फॅक्ट चेक हे सरकारचं. योजना आहे का नाही, परिपत्रक खरं का खोटं, याला ते उत्तम, कारण कागद त्यांच्याच घरातला. पण सरकारवरच्या टीकेच्या बातमीला सरकारच खोटं म्हणत असेल तर मी तो शेवटचा शब्द मानत नाही. २०२३ मधे आयटी नियमांत बदल करून केंद्राच्या कामकाजाबद्दलची कुठली माहिती खोटी हे सरकारचाच कक्ष ठरवेल अशी तरतूद केली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधे रद्द केली. आम्हा बातमीवाल्यांना ते बरं वाटलं, हे कबूल.

आता एवढं सगळं प्रत्येक मेसेजला करायचं का? नाही हो. वेड लागेल. गुड मॉर्निंग, सुविचार, कुठल्यातरी मंदिराचा फोटो, सोडून द्या. मी तीनच ठिकाणी हात थांबवतो: पैसे किंवा कागदपत्रं जाणार असतील, औषध बदलणार असेल, किंवा कोणा माणसावर, जातीवर, वस्तीवर बोट दाखवलं जात असेल. तिसरं सगळ्यात आधी, त्यात तर खरं असलं तरी फॉरवर्ड करायचं कारण नसतं, पोलीस स्टेशनला फोन करायचा.

ग्रुपवर उत्तर देताना 'फेक आहे, कशाला पाठवता' असं लिहू नका. आत्याला चारचौघांत खोटं पाडलं की पुढचे सहा महिने ती मुद्दाम पाठवते. पर्सनलवर लिहा, 'आत्या, ही योजना सरकारी साईटवर नाहीये, लिंकवर आधार टाकू नकोस, ग्रुपवर तूच सांगितलंस तर सगळ्या ऐकतील'. तीच डिलीट करते मग. आणि नुसतं खोटं आहे सांगून थांबू नका, खरं काय आहे ते जोडा, नाहीतर लोक परत तिथेच जातात.

तर आईंसाठी खरं काय आहे ते. हा मेसेज अगदी हवेतून आलेला नाही, दोन खऱ्या गोष्टींच्या आडोशाला उभा आहे. एक पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी, त्यात शिंपीकाम आहे. मशीन फुकट वाटत नाहीत, पण प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं व्हाऊचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख मग २ लाख कर्ज अशी रचना आहे. कुटुंबातून एकालाच, आणि सरकारी नोकरीवाल्याच्या घरात नाही. नोंदणी सीएससी केंद्रातून होते, व्हॉट्सॲपच्या लिंकवरून नाही. दुसरी, जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग स्वतःच्या निधीतून अनुदानावर शिलाई मशीन देतो, प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी असेलच असं नाही, पंचायत समितीत विचारलं की कळतं. आई शिवणकाम करत असतील तर गटाच्या सीआरपी ताईंना (गावातल्या बचत गटांना मदत करणाऱ्या) घेऊन या दोन ठिकाणी चौकशी करा. फक्त जाण्याच्या दिवशी विश्वकर्माच्या सरकारी साईटवर अटी एकदा बघून मगच निघा, मी वर लिहिलेलं पण तोवर बदललेलं असू शकतं.